अजून संपलं नव्हतं

माझ्या भाच्याकडे एक मेलेला भुंगा होता. काळाभोर, पाठीवर हिरवट चमक, सहाही पाय पोटाशी घेतलेले. तो एका पारदर्शक डबीत असायचा आणि रोज सकाळी दात घासायच्याही आधी झाकण उघडून त्याची रीतसर पाहणी व्हायची. आधी एक पाय गळला. मग कुठूनतरी बारीक मुंग्यांना पत्ता लागला. मग पाठीवरचं टणक कवच एका बाजूने जरासं उचललं गेलं आणि खालचा घडी घालून ठेवलेला पातळ पंख दिसायला लागला, तर त्या दिवशी मला खास व्हिडिओ कॉल. आणि मग एक दिवस बहिणीने घर आवरता आवरता डबी भुंग्यासकट कचऱ्यात टाकली. तिच्या जागी दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, मुंग्या आता टेबलापर्यंत यायला लागल्या होत्या. पण पोरगं असं काही रडलं की शेवटी फोन माझ्याकडे आला. मी नेहमीचंच बोलायला सुरुवात केली, अरे तो मेलेलाच होता ना, आपण दुसरा शोधू वगैरे. तर हुंदके आवरत तो म्हणाला, "मावशी, मेला होता ते माहितीये मला. पण अजून संपलं नव्हतं ना!"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण त्याचं रडणं भुंगा मेला म्हणून नव्हतंच. ते त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं, तेही बिनतक्रार. त्याला राग आला होता तो पुढचं बघायचं राहिलं याचा. आपल्या मोठ्या माणसांच्या हिशोबात मेलं की विषय संपला, आता फक्त उचलून टाकायचं बाकी. त्याच्या हिशोबात मेल्यावर विषय सुरू झाला होता. आणि मला आठवलं की एके काळी माझाही हिशोब तोच होता, मधे कधीतरी बदलला आणि बदलल्याचं कळलंसुद्धा नाही.

मी सात-आठ वर्षांची असेन. घराच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती, टाकी आणि भिंतीच्या मधे एक बोळकांडी, मोठ्यांना तिथे शिरताच यायचं नाही, आणि त्या बोळकांडीत एक कबूतर येऊन मेलं. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि आधी तिकडे. पहिल्या दिवशी ते इतकं धडधाकट दिसत होतं की मी बराच वेळ लांबूनच बघत राहिले, न जाणो उडालं तर. मानेवरचा हिरवा-जांभळा रंग तसाच, पिसं जिथल्या तिथे. फक्त डोळा बिघडला होता. त्याच्यावर दुधी पापुद्रा चढला होता आणि त्या डोळ्यात मी दिसत नव्हते, म्हणजे माझं प्रतिबिंब पडत नव्हतं, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. काडीने ढकललं तर अख्खं कबूतर एकदम सरकलं, मान, पंख, पाय सगळं एकत्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकललं तर मान आपली वेगळी कलली. आदल्या दिवशी ताठ आणि आज सैल, हे मला उलटं वाटलं होतं, मेल्यावर हळूहळू कडक होत जायला पाहिजे ना. पुढे खूप वर्षांनी वाचलं की स्नायूला आवळायला शक्ती लागते तशी सैल सुटायलाही लागते, आणि मेल्यावर ती मिळायची बंद झाली की आवळलेलं आवळलेलंच राहतं. नंतर स्नायूच आतून मोडायला लागतात, तेव्हा कुठे ते सुटतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी मला जे मऊ वाटलं होतं ती पुढची मोडतोड होती.

माशा तर पहिल्याच दिवसापासून होत्या. घरातल्या साध्या नव्हेत, त्या निळ्या-हिरव्या, धातूच्या चमकीच्या. त्या उगाच कुठेही बसत नव्हत्या, चोचीच्या कोपऱ्यात आणि डोळ्याच्या कडेला, जिथे ओल असते तिथेच. थोड्या वेळाने तिथे पांढरट बारीक पुंजके दिसले. मग मधे पाऊस की काहीतरी झालं आणि मला जाता आलं नाही, आणि त्यानंतर गेले तेव्हा कबुतराचं पोट हलत होतं. वर-खाली, वर-खाली, अगदी संथ. मी तिथल्या तिथे बसले. ते श्वास घेतंय याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. पळत जाऊन घरात सांगावं असं वाटलं, पण सांगितलं की कबूतर जाणार हेही माहीत होतं, म्हणून गप्प बसले आणि काडीने एक पंख उचलून पाहिलं.

आत सगळं जिवंतच होतं, फक्त ते कबूतर नव्हतं.

त्या अळ्यांचं मला जे कौतुक वाटलं ते आजही कुणाला सांगायला जड जातं. त्या सगळ्या डोकं खाली खुपसून होत्या, एकमेकींना रेटत, आणि ढीग कायम वळवळत, वरच्या खाली आणि खालच्या वर. अळीची श्वास घ्यायची छिद्रं मागच्या टोकाला असतात, त्यामुळे तोंड अन्नात बुडवून ठेवूनही तिला गुदमरायला होत नाही, खाणं थांबवायची गरजच नाही. एवढ्या अळ्या एकत्र आल्या की ढिगाचं तापमान आसपासच्या हवेपेक्षा चांगलंच वाढतं. मी हात जवळ नेला होता का? आठवत नाही. नेला असावा.

बोळकांडीतून बाहेर पडले ते एक सिद्धांत घेऊनच, की कबूतर सडलं की त्याच्या मांसाच्या अळ्या होतात. मांसच सुटं सुटं होऊन चालायला लागतं. यात आपण फार मूर्ख होतो असं वाटायचं, पण मोठमोठी शहाणी माणसं कित्येक शतकं हेच मानत होती. १६६८ साली इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी नावाच्या वैद्याने बरण्यांमधे मांस ठेवलं, काही बरण्या उघड्या, काही घट्ट बंद आणि काहींच्या तोंडावर नुसतं विरळ कापड. उघड्यांमधे अळ्या झाल्या, बाकीच्यांत नाहीत, आणि कापड लावलेल्या बरण्यांवर माशा येऊन कापडावरच अंडी घालून गेल्या. एवढंच. मला यातली गंमत अशी वाटते की हा प्रयोग करायला काहीच लागत नव्हतं, बरणी, कापड आणि सडलेलं मांस. लागत होती ती वासाजवळ बसून राहायची तयारी, आणि ती त्या काळच्या शहाण्या माणसांपेक्षा पोरांमधे जास्त असणार. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने पुढे लिहून ठेवलंय की मेलेला घोडा फस्त करायला तीन माशा सिंहाइतक्याच वेगाने पुरतात. तीन म्हणजे अर्थात त्या तिघींची पिल्लं, आणि पिल्लांची पिल्लं.

वासाचं मात्र खरं सांगते, तो सहन व्हायचा नाही. फ्रॉक नाकावर धरून मी बसायची आणि तो फ्रॉकमधून यायचा, गोडसर, घशात बसणारा, जेवताना मधेच आठवणारा. त्या वासाचा मोठा भाग ज्या दोन पदार्थांचा, प्युट्रेसिन आणि कॅडावरिन, ते प्रथिनं कुजताना तयार होतात आणि ते १८८५ मधे ब्रीगर नावाच्या जर्मन डॉक्टरने शोधले. नावं ठेवताना त्याने कसलीच सभ्यता पाळलेली नाही, एकात सडणं आहे, दुसऱ्यात प्रेत. पण कुजण्याचाच दुसरा एक वास आहे ज्याच्यावर आपण सगळे फिदा असतो. ओल्या मातीचा. तो मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा वास, आणि हे जिवाणू राहतात ते मेलेल्या पानापाचोळ्यावर. एका वासाला नाक मुरडायचं आणि दुसऱ्यावर कविता करायच्या. माझंही तेच आहे, मला काही त्या टाकीमागे परत जाऊन बसायचं नाहीये.

पुढे कबूतर चपटं झालं. अळ्या एक दिवस नाहीशाच झाल्या, मला वाटलं मुंग्यांनी खाल्ल्या, पण त्या कोष करायला कोरड्या मातीत शिरल्या असणार. वास गेला. पिसं मात्र राहिली, पिसं आणि केस ज्या प्रथिनाचे असतात ते मोडायला फार थोड्यांना जमतं. छातीचं हाड मला मिळालं, मधे उभा कणा असलेलं, इतकं हलकं की हातात आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच कळायचं. ते मी कंपासपेटीत ठेवलं. कुणीतरी ओरडलं असेल आणि टाकून दिलं असेल, तेवढं आठवत नाही.

आता यात निरागसता वगैरे किती होती, हा एक प्रश्न आहेच. लहान मुलांच्या कुतूहलाबद्दल लिहिताना लोक एकदम हळवे होतात. मी काडीने टोचायची तेव्हा मला काहीतरी मिळत होतं आणि ते नुसतं ज्ञान नव्हतं. ज्याला मी घाबरायची ते आता मला काही करू शकत नाही, हे तपासून बघण्यातली मजा होती ती. आम्ही मुलांनी एकदा एक उंदीर पुरला, वर छोटे दगड रचले, एकीने फुलंसुद्धा ठेवली, आणि थोड्या दिवसांनी आम्हीच तो उकरला. फुलं ठेवणारीच उकरायला सगळ्यात पुढे होती. दुःख आणि उत्सुकता यांचं भांडण असतं असं मोठेपणी वाटायला लागतं, तेव्हा दोन्ही एकाच दुपारी आरामात मावायचं.

उंदीर पुरणारे किडेही असतात हे तेव्हा कळलं असतं तर आम्ही हरखलोच असतो. काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगे, नर-मादी मिळून मेलेल्या उंदराखालची माती उकरत जातात आणि तो हळूहळू जमिनीत उतरतो, एका रात्रीतसुद्धा. मग त्याचे केस काढून टाकतात, त्याचा गोळा करतात, तो लवकर कुजू नये म्हणून त्याला आपल्या तोंडातले आणि गुदद्वारातले स्राव चोपडतात आणि अळ्या झाल्या की आईबाप दोघं त्यांना तोंडाने भरवतात. इतकं वाचून अगदी भरून येतं. आणि पुढच्या ओळीत असतं की उंदीर लहान आणि अळ्या जास्त असतील तर हेच आईबाप काही अळ्या खाऊन टाकतात. फाब्र, तो फ्रेंच कीटकवाला, या भुंग्यांसाठी आपल्या बागेत मेलेल्या चिचुंद्र्या आणि काय काय मांडून ठेवायचा. म्हातारा होईपर्यंत त्याने हेच केलं आणि त्याला कुणी ते टाकून दे म्हणालं नाही, किंवा म्हणालं असेल तरी त्याने ऐकलं नाही.

मुलांना मरण कधी कळतं यावरही लोकांनी काम केलंय. मारिया नॅगी या हंगेरियन बाईंनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन १९४८ मधे एक अभ्यास छापला. पाचच्या आतल्यांना मेलेला म्हणजे झोपलेला किंवा लांब गेलेला वाटतो, तो परत येऊ शकतो. पाच ते नऊच्या मुलांना मरण म्हणजे कुणीतरी येऊन घेऊन जाणारा इसम वाटतो, चपळ असलात तर त्याच्या हातून सुटताही येतं. नवाच्या पुढे कळतं की ते सगळ्यांना आहे आणि कायमचं आहे. तो घेऊन जाणारा इसम नंतरच्या संशोधकांना सगळीकडे काही सापडला नाही, पण मला तो पटतो, कारण मीसुद्धा रात्री पांघरुणातून पाय बाहेर काढायची नाही. या सगळ्या कोष्टकात मला एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे मुलाला मरण 'कळलं' की प्रवास संपला असं धरलंय. माझ्या भाच्याला कळलंय. तो त्याच्या पुढे उभा आहे आणि विचारतोय, बरं, मग?

मुंग्यांचा एक प्रयोग मी त्याला सांगितला, रडं थांबावं म्हणून, आणि तो लागू पडला. वारुळात मुंगी मेली तर दोन दिवस कुणी तिच्याकडे लक्षच देत नाही, बाकीच्या तिच्यावरून जातात-येतात. मग अचानक कुणीतरी तिला उचलतं आणि कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतं. १९५८ मधे विल्सन नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कुजताना शरीरात ओलिइक ॲसिड तयार होतं आणि त्या वासाने मुंगीला कळतं की ही मेली. त्यांनी ते कागदाच्या कपट्याला लावलं, तर कपटा कचऱ्यात. मग जिवंत, धडधाकट मुंगीला लावलं. बाकीच्यांनी तिला उचललं, ती पाय झाडतेय, सुटायचा प्रयत्न करतेय, आणि तरी तिला नेऊन टाकलं. ती परत आली, पुन्हा नेऊन टाकलं. अंग चाटून स्वच्छ केल्यावरच तिला आत घेतलं. भाचा हसून हसून लोळला. मला मात्र ती पाय झाडणारी मुंगी विनोदी वाटायच्याऐवजी रात्रभर पुरली.

शाळेत मरण आम्हाला एकाच रूपात आणायला परवानगी होती, पान. वहीत दाबून जाळी पडलेलं पान म्हणजे सुंदर. वास्तविक ते पानाचं प्रेतच. गळण्याआधी झाड त्यातलं कामाचं काढून घेतं, देठाशी पडदा बांधून टाकतं, खाली पडल्यावर बुरशी आणि बारीकसारीक किडे मऊ भाग खातात आणि शिरा उरतात, कारण शिरांमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ, पचवणं मोजक्या बुरशींनाच नीट जमतं. तेही हळूहळू. डार्विनचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर होतं, १८८१ चं, पुढच्याच वर्षी तो गेला. त्याने गांडुळं कुंडीत घालून खोलीत ठेवली होती, त्यांना ऐकू येतं का बघायला मुलाकडून बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून घेतलं, पानं ती कुठल्या टोकाने बिळात ओढतात ते मोजलं. पहिला निबंध १८३७ चा आणि पुस्तक १८८१ चं. जगाला हादरवणारं सगळं मधे करून झाल्यावर माणूस परत याच प्रश्नावर येऊन बसला, की वर पडलेलं खाली कसं जातं.

एक गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली नाही. ते निसर्गाचं चक्र, मातीतून आलं मातीत गेलं, कबुतराचं फूल झालं. हे खोटं नाही. नायट्रोजन खरंच जातो, मुळं खरंच घेतात. पण ते सांगताना मोठ्यांचा जो आवाज लागतो ना, तो मला तेव्हाही कळायचा. प्रश्न बंद करायचा आवाज. आणि त्या उत्तराने निम्माच प्रश्न सुटतो. कबुतराचं मांस, पाणी, कॅल्शियम कुठे गेलं ते मी बोळकांडीत बसून जवळजवळ सगळं पाहिलं होतं. पण माझ्याकडे एक डोळा वाकडा करून बघणारं, जवळ गेलं की दोन पावलं सरकणारं जे काही होतं ते कुठल्या अळीत गेलं? तेवढं कुठेच जाताना दिसलं नाही. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा ते आधीच नव्हतं.

बहिणीचं म्हणणं वेगळं. तिला भीती आहे रोगराईची, आणि ती बरोबर आहे, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये हे मीही म्हणते, माझ्या लहानपणी कुणाला त्याची शुद्ध नव्हती. तिची दुसरी भीती ती नीट बोलून दाखवत नव्हती, मग शेवटी म्हणाली, "परवा विचारत होता, मुंग्या माणसांना पण नेतात का. आता याला काय सांगू?"

आजोबा गेले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. खोलीत खूप माणसं होती, आणि एक माशी. ती आजोबांच्या तोंडाजवळ येत होती आणि शेजारी बसलेल्या काकू रडता रडता हाताने हाकलत होत्या, मधेच विसरत होत्या. बाकी सगळ्यांना ती नुसती माशी वाटत होती. मला ती कुठे बसणार, का बसणार, पुढे काय होणार, सगळं माहीत होतं. मी उठून काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि ते काम माझ्याकडे घेतलं. पोरगी किती समजूतदार, असं कुणीतरी म्हणालं. मी रडतही नव्हते, माझं सगळं लक्ष माशीवर. तिचा रागसुद्धा येत नव्हता. टाकीमागे याच माशा जास्त याव्यात म्हणून मी वाटेतली फळी स्वतः बाजूला केली होती, आणि इथे एकीलाही बसू द्यायचं नव्हतं. आजोबांच्या बाबतीत मला पुढचं काहीही बघायचं नव्हतं. या दोन वागण्यांतलं कुठलं खरं आणि कुठलं शिकवलेलं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, कारण दोन्हीपैकी एकही मला कुणी शिकवलेलं नव्हतं.